उसाच्या ट्रॉलीचा मागचा दिवा

दिवाळी सरली की सोलापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांवरची रात्र बदलते. टेंभुर्णी ते पंढरपूर, मोहोळ ते पंढरपूर, मंगळवेढा ते सांगोला, अकलूजकडून येणारे फाटे, जिकडे जाल तिकडे उसाच्या ट्रॉल्या. उजनी धरणाचं पाणी भीमेच्या दोन्ही काठांना फिरलं, त्यामागून ऊस आला आणि आज महाराष्ट्रात सर्वांत जास्त साखर कारखाने याच जिल्ह्यात आहेत. गाळप सुरू झालं की कारखान्याची गव्हाण, म्हणजे ऊस टाकायचा पट्टा, रात्रंदिवस चालते आणि वाहतूकही रात्रंदिवस चालते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस आणि वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास.

त्याच रस्त्यावर मागून एक मोटार ताशी ८० किलोमीटरने येते आहे असं समजा. दोघांच्या वेगात ताशी ६० किलोमीटरचा फरक, म्हणजे मधलं अंतर दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटरने कमी होतं. समोरून वाहनं येत असल्यामुळे मोटारीचा दिवा डिपरवर आहे. डिपरच्या उजेडात दिवा नसलेली, धुळीने आणि पाचटाने मळलेली ट्रॉली ५० मीटरवर दिसली तरी नशीब म्हणायचं. हातात उरतात ३ सेकंद. त्यातला दीड सेकंद 'पुढे काहीतरी आहे' हे उमगून पाय ब्रेकवर जाण्यात जातो. ट्रॉली चालती असेल तर जेमतेम निभावतं. उभी असेल तर निभावत नाही, कारण ८० च्या वेगातली मोटार थांबायला दीड सेकंद धरून ७० मीटर तरी लागतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे असं म्हटलं आहे. १५५ मीटर म्हणजे त्याच ताशी ६० च्या फरकाने ९ सेकंद. ३ आणि ९ सेकंदांमधलं हे अंतर एका ५ वॅटच्या बल्बवर अवलंबून आहे.

हंगामाच्या सुरुवातीला परिवहन कार्यालय, पोलीस आणि कारखाने ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात. ते लावलेच पाहिजेत. पण रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही, आलेला उजेड परत पाठवतो. फडातल्या चिखलाने तो माखला किंवा मागे लोंबणारं वाढं त्याच्यावर आलं की तो असून नसल्यासारखा. शिवाय पुढचा ट्रॅक्टर ब्रेक मारतो आहे की डावीकडे वळतो आहे, हे रिफ्लेक्टर सांगू शकत नाही. त्यासाठी दिवाच लागतो. आणि ट्रॉलीचा दिवा का लागत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा बल्बमध्ये नसतं आणि बॅटरीतही नसतं.

बॅटरीतून निघालेला करंट बल्बपर्यंत पोहोचला म्हणजे काम झालं, असा आपला समज असतो. करंटला बॅटरीकडे परत यावं लागतं. येण्याची वाट बंद असेल तर जाण्याची वाट कितीही चांगली असली तरी दिवा लागत नाही. ट्रॅक्टरमध्ये ही परतीची वाट म्हणजे ट्रॅक्टरचं लोखंडी अंग. बॅटरीची निगेटिव्ह केबल चेसीला बोल्टने आवळलेली असते आणि बहुतेक दिवे आपला करंट चेसीमध्येच सोडतात. यालाच अर्थिंग म्हणतात. ट्रॅक्टरपुरतं हे ठीक चालतं, कारण ते सगळं एकमेकांना घट्ट जोडलेलं एकच धूड आहे.

ट्रॉली हे मात्र वेगळं लोखंड. ते ट्रॅक्टरला जोडलेलं असतं फक्त हुकाच्या पिनवर, आणि त्या पिनेला ग्रीस लावलेलं, वर गंज, वर धूळ. ट्रॉलीला परतीची वेगळी वायर दिलेली नसेल, तर मागच्या सगळ्या दिव्यांचा करंट या पिनेतून परत यायचा प्रयत्न करतो. ट्रॅक्टर ओढत असताना पिन ताणलेली असते, तेव्हा कॉन्टॅक्ट मिळतो. उतारावर ट्रॉली पुढे रेटते, पिन सैल होते, दिवे मिणमिणतात. खड्डा आला की चमकतात. दुसरी ट्रॉली असेल तर अशा दोन पिना मध्ये येतात. अशा ट्रॉलीवाल्याला विचारा, 'आत्ता तर लागत होता' हेच उत्तर मिळेल, आणि ते खरंही असतं.

या अर्थिंगच्या दोषाचं एक लक्षण असं आहे की ते ट्रॉली चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. मागच्या दिव्यात बहुतेक ठिकाणी दोन फिलामेंटचा एकच बल्ब असतो. ५ वॅटची फिलामेंट रात्रभर जळणाऱ्या लाल दिव्याची, २१ वॅटची ब्रेकची. दोन्हींना करंट वेगवेगळ्या वायरींनी येतो, पण परत जायची वाट एकच, बल्बचं पितळी बूड आणि त्याचं होल्डर. समजा डाव्या दिव्याच्या होल्डरची अर्थिंग तुटली. लाल दिव्याचा स्विच टाकला की करंट ५ वॅटच्या फिलामेंटमधून येऊन बुडाशी अडतो. पुढे वाट नाही. मग तो उलट २१ वॅटच्या फिलामेंटमध्ये शिरतो, तिथून ब्रेकच्या वायरीत आणि ब्रेकच्या वायरीतून उजव्या दिव्यापर्यंत जाऊन तिथल्या चांगल्या अर्थिंगला पोहोचतो. म्हणजे चोरवाटेने का होईना, डावा दिवा जळतो. किंचित मंद, पण जळतो. वस्तीवर उभं राहून बघणारा म्हणतो, दिवा चालू आहे.

आता ब्रेक दाबा. ब्रेकच्या वायरीतही १२ व्होल्ट आले. डाव्या बल्बच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब झाला, चोरवाट बंद झाली आणि बल्ब पूर्ण विझला. ट्रॅक्टर थांबतो आहे हे मागच्याला कळायला हवं, नेमक्या त्याच क्षणी दिवा जातो. सगळ्या ट्रॉलीचीच अर्थिंग गेली असेल तर दोन्ही बाजूंचं हेच होतं, फक्त चोरवाट मग ट्रॅक्टरच्या स्वतःच्या ब्रेकच्या बल्बांमधून जाते. म्हणून नुसता दिवा लावून बघणं ही तपासणी नव्हे. एकाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागे उभं राहायचं. लाल दिवा ब्रेकसरशी उजळला तर ठीक. मंदावला किंवा विझला तर बल्ब बदलू नका, अर्थिंग शोधा. तसंच इंडिकेटर टाकल्यावर लाल दिवाही त्याच तालात लुकलुकू लागला, तर तोही हाच दोष.

शोधायची पद्धत स्वस्त आहे. दहा-पंधरा मीटरची जाड वायर घ्या आणि दोन्ही टोकांना चिमटे लावा. एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा मंद दिव्याच्या होल्डरच्या धातूला. दिवा लख्ख झाला की दोष परतीच्या वाटेत आहे हे पक्कं. आता तोच चिमटा दिव्यापासून पुढे सरकवत या. होल्डर, मग दिवा जिथे बोल्टने बसवलाय ती पट्टी, मग ट्रॉलीची चेसी, मग दांडी, मग ट्रॅक्टर. जिथे चिमटा लावल्यावर दिवा पुन्हा मंद होतो, ती जागा आणि त्याआधीची जागा यांच्यामध्ये दोष आहे. बहुतेकदा तो दोन ठिकाणी सापडतो. एक म्हणजे हुकाची पिन. दुसरी जागा दिव्याची पट्टी, कारण ट्रॉली वेल्डिंगच्या दुकानातून रंग मारून येते आणि दिवा त्या रंगावरच बोल्टने बसवला जातो. रंगातून करंट जात नाही. बोल्टच्या आट्यांमधून काही महिने जातो, मग गंज चढला की तोही थांबतो. पट्टी काढून दोन्हीकडचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. आधी ग्रीस आणि मग बोल्ट असा क्रम नको.

कायमचा इलाज मात्र पिनेवर आणि पट्टीवर भरवसा न ठेवण्यात आहे. प्रत्येक दिव्याच्या होल्डरपासून निघणारी परतीची स्वतंत्र वायर ट्रॉलीभर फिरवावी आणि सात पिनांच्या सॉकेटमधून ट्रॅक्टरच्या चेसीला न्यावी. नवीन ट्रॉली बांधून घेणाऱ्याने वेल्डिंगवाल्याकडे हट्टाने मागावी अशी ही एकच गोष्ट आहे असं मला वाटतं. ट्रॉलीच्या किमतीपुढे त्या वायरीचा खर्च हिशोबातही धरण्यासारखा नाही.

वायर किती जाड हेही महत्त्वाचं आहे. दोन ट्रॉल्यांवर मिळून ब्रेकचे चार बल्ब, प्रत्येकी २१ वॅट, म्हणजे ८४ वॅट. १२ व्होल्टवर त्याचा करंट ७ अँपिअर होतो. ट्रॅक्टरपासून शेवटच्या ट्रॉलीच्या टोकापर्यंत साधारण १५ मीटर वायर लागते. ती अर्ध्या चौरस मिलिमीटरची, म्हणजे बाजारात मिळणारी बारीक वायर असेल, तर नुसत्या जाण्याच्या वाटेत तीनेक व्होल्ट वायरीतच खर्च होतात. बल्बला उरतात ९. आणि बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून खूप झपाट्याने पडतो. १२ च्या जागी ९ व्होल्ट मिळाले की उजेड एक तृतीयांशाच्या थोडा वरच उरतो. तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर घट अर्ध्या-पाऊण व्होल्टावर येते. परतीची वायर निदान तेवढीच जाड हवी, कारण सगळ्या दिव्यांचा करंट तिच्यातूनच परत येतो.

मल्टिमीटर बाळगणाऱ्यांना इथे एक सांगायला हवं. बल्ब काढून होल्डरमध्ये मीटरचे पिन टेकवले आणि १२ व्होल्ट दिसले, म्हणून वायर चांगली आहे असं ठरत नाही. मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही. वायरीच्या वीस तारांपैकी एकोणीस सडल्या असल्या आणि एकच तार उरली असली, तरी मीटर निमूटपणे १२ दाखवतो. त्याच वायरीला बल्ब जोडून पावणेदोन अँपिअर मागितले की सगळं कोसळतं. म्हणून मोजायचं ते दिवा चालू ठेवून. मीटरचा काळा पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन जळत्या दिव्याच्या होल्डरच्या धातूला लावा. परतीची वाट चांगली असेल तर अर्ध्या व्होल्टाच्या आत आकडा येईल. दोन-तीन व्होल्ट दिसले तर तेवढे व्होल्ट परतीच्या वाटेत वाया चालले आहेत. मीटर नसेल तर २१ वॅटचा बल्ब आणि दोन वायरी एवढ्यावर केलेला टेस्ट लॅम्प या कामाला मीटरइतकाच, कधी कधी त्याहून जास्त उपयोगाचा. तो खरा करंट ओढतो, त्यामुळे सडक्या वायरीवर फसत नाही.

आता सॉकेट. ट्रॅक्टरच्या मागे असतं ते गोल, सात पिनांचं, वर झाकण असलेलं. आयएसओ १७२४ या मानकाप्रमाणे १ नंबरला डावा इंडिकेटर, ३ नंबरला अर्थिंग, ४ ला उजवा इंडिकेटर, ५ ला उजवीकडचा लाल दिवा, ६ ला ब्रेक आणि ७ ला डावीकडचा लाल दिवा. २ नंबर ट्रॉलीत सहसा मोकळाच राहतो. नंबर सॉकेटच्या आत बारीक अक्षरांत कोरलेले असतात. वायरीच्या रंगावर मात्र विसंबू नका. ट्रॉलीचं वायरिंग हाताला लागेल त्या रंगाच्या वायरीने केलेलं असतं आणि दर दुरुस्तीत एखादा रंग बदललेला असतो. ट्रॅक्टरवाल्याने एका क्रमाने जोडलं आणि ट्रॉलीवाल्याने दुसऱ्या, की ब्रेक मारल्यावर इंडिकेटर लागतो. हा दोष नव्हे, जुळवणीची चूक आहे, आणि टेस्ट लॅम्पने एकेक पिन तपासली की पाच-दहा मिनिटांत सुटते.

प्लगची पितळी पिन नीट बघितली तर तिला मधोमध चीर असते. त्या चिरेमुळे पिन स्प्रिंगसारखी फुलून सॉकेटच्या नळीला आतून दाबून बसते. शेकडो वेळा लावून-काढून ती चीर मिटते, पिन बारीक होते आणि नळीत सैल हलते. सुरीचं टोक चिरेत घालून हलकेच उघडलं की पिन पुन्हा घट्ट बसते. पितळ हिरवं पडलं असेल तर आधी बारीक पॉलिश पेपरने साफ करावं. हिरवेपणाला पाऊस कारण असतोच, पण इथे आणखी एक कारण आहे. तोडलेल्या उसाच्या टोकांतून रस झिरपतो. उसाचा रस आंबटसर असतो, त्याचा सामू पाच-साडेपाचच्या आसपास. तो चिकट रस आणि वर माती असा थर होल्डरवर बसला की धातू लवकर खराब होतो. प्लग मोकळा असताना जमिनीवर ओढत नेला जाऊ नये, यासाठी दांडीला एक हुक वेल्ड करून घ्यावा आणि तोंड खाली करून त्यावर टांगावा. पुष्कळ ट्रॉल्यांना प्लगच नसतो, दोन वायरी हाताने पिळून वर काळी टेप. ती टेप एका हंगामात सुटते, हे सांगायला नको.

एक दोष हमखास चकवतो. बल्ब नवा, वायर नवी, अर्थिंग पक्की, तरी दिवा काजव्याएवढा. बल्ब काढून त्याच्या बुडावरचा आकडा वाचा. ट्रॅक्टर १२ व्होल्टचा असतो आणि मोठे ट्रक २४ व्होल्टचे. हायवेवरच्या दुकानात ट्रकचे बल्ब जास्त खपतात, घाईत २४ व्होल्टचा हातात पडतो. १२ वर तो आपल्या उजेडाच्या जेमतेम दहाव्या भागाने जळतो. एलईडीचे दिवे घेतानाही १२ व्होल्टचे की २४ चे हे विचारूनच घ्यावं. एलईडी करंट फार थोडा ओढतो, त्यामुळे लांब वायरीत व्होल्टेज कमी वाया जातं आणि ट्रॉलीसाठी तो खरोखर चांगला. पण इंडिकेटरचा फ्लॅशर जुनाच ठेवला तर तो भराभर उघडमीट करेल किंवा अडून बसेल, फ्लॅशरही एलईडीचाच घ्यावा लागतो. साध्या बल्बांत इंडिकेटर अचानक भराभर लागू लागला, तर कुठला तरी बल्ब गेलेला असतो.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो तेव्हा त्याच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणं हा धोक्याचा उपाय आहे. फ्यूज उडतो तो कुठेतरी वायर सोलून लोखंडाला टेकली आहे म्हणून. तार घातली की फ्यूजऐवजी वायर तापते, आणि त्या वायरीच्या वर वाळलं पाचट असतं. शॉर्ट शोधायचा असेल तर ट्रॉलीचे सगळे बल्ब काढून ठेवा आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडा. स्विच टाकल्यावर तो पेटला तर शॉर्ट आहे. आता मागच्या ट्रॉलीचा प्लग काढा. विझला तर शॉर्ट मागच्या ट्रॉलीत, नाही तर पुढच्या ट्रॉलीचा काढा. ट्रॉली सापडली की चेसीच्या कडेने वायर हाताने हलवत जा. बल्ब लुकलुकला तिथेच थांबा. बहुतेक वेळा ती जागा एखाद्या पत्र्याच्या धारदार भोकात सापडते, जिथे वायर रबराशिवाय ओवलेली असते, किंवा दांडीजवळ, जिथे वळणावर ती पिनेखाली चेंगरते. वायर तिथे थोडी सैल सोडून प्लास्टिकच्या पाइपातून न्यावी.

हे सगळं करायची वेळ सप्टेंबर-ऑक्टोबरची. ट्रॉल्या उन्हाळाभर वस्तीवर उघड्या पडलेल्या असतात. चाळिशीपार गेलेल्या उन्हात वायरीचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं, मग त्या तडांत पावसाचं पाणी शिरतं, आणि उंदीर आपलं काम करतात ते वेगळंच. गाळप सुरू झाल्यावर खेपांच्या रेट्यात एका दिव्यासाठी ट्रॉली उभी करायला कोणी तयार होत नाही, आणि त्यांचंही चुकत नाही, कारण मजुरी टनावर आहे आणि टोळी फडात वाट बघत असते. म्हणून हंगामातली तपासणी छोटी ठेवावी. काट्यावर रांगेत उभं असताना मागच्या ट्रॅक्टरवाल्याला हाक मारायची, ब्रेक आणि दोन्ही इंडिकेटर त्याने बघायचे, त्याचे आपण. फडातून निघताना दिव्यावर आलेली उसाची टोकं आणि वाढं कोयत्याने छाटायचं, काचेवरून ओलं फडकं फिरवायचं. दिवा गव्हाणीवर साखळ्यांच्या आणि मोळ्यांच्या मारात सापडू नये म्हणून त्याला बाहेरून सळईची जाळी करून घ्यावी.

सर्वांत वाईट गाठ पडते ती रात्री पंक्चर झाल्यावर. बॅटरी उतरेल या भीतीने इंजिन बंद केल्याबरोबर दिवेही बंद केले जातात. हिशोब करून बघा. दोन ट्रॉल्यांचे चार लाल दिवे आणि ट्रॅक्टरचे पुढचे-मागचे चार छोटे दिवे, आठ पंचे चाळीस वॅट, म्हणजे सव्वातीन अँपिअरच्या आसपास. ट्रॅक्टरची बॅटरी साधारण ७५ अँपिअर-तासांची असते. तिच्यातली निम्मीच वापरायची ठरवली तरी हे दिवे अकरा तास जळतील. बॅटरी जुनी असली तरी पाच-सहा तासांना हरकत नाही. बॅटरी खातात ते हेडलाइट, ते बंद करून स्विच पहिल्या टप्प्यावर ठेवला की झालं.

पण चाक घेऊन ट्रॅक्टरच गावात न्यावा लागला, तर भरलेली ट्रॉली रस्त्यावर वीज नसलेली उभी राहते. तेव्हा सॉकेट, वायर, अर्थिंग कशाचाच उपयोग नाही. त्यासाठी टूलबॉक्समध्ये सेलवर लुकलुकणारा एक लाल दिवा आणि घडीचा रिफ्लेक्टर त्रिकोण ठेवावा. दिवा ट्रॉलीच्या मागच्या टोकाला बांधायचा. त्रिकोण ट्रॉलीला टेकवून न ठेवता निदान शंभर पावलं मागे, वळण असेल तर वळणाच्याही मागे ठेवायचा, आणि एक माणूस टॉर्च घेऊन रस्त्याच्या कडेला मातीवर उभा करायचा. खुणेसाठी दगड मांडू नयेत. चाक बसवून ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ते दिसत नाहीत.